वर्ग ‘ए’चा, ओळख ‘बी’ची: सहावीतील एका मुलीच्या मैत्रीचे प्रकरण

इंदूरच्या पश्चिम भागातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी समुपदेशक म्हणून काम करते. त्या शाळेतील सहावीच्या एका मराठी मुलीचे हे प्रकरण तिच्या आईवडिलांच्या आणि तिच्या स्वतःच्या संमतीने येथे मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कोणाचेही नाव दिलेले नाही. यात छळ, मारहाण किंवा शाळा सोडण्याची वेळ असे काही नाही. पण सहावीचे वर्ग सुरू झाल्यानंतरच्या काही महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी पुष्कळांची तक्रार याच जातीची असते, आणि घाईघाईने केलेले उपाय मुलीला बहुधा अधिकच एकटे पाडतात, म्हणून ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

पार्श्वभूमी

हे कुटुंब तीन पिढ्यांपासून लोकमान्य नगरच्या बाजूला राहते. वडील पीथमपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात, आई विमा कार्यालयात नोकरीला आहे आणि संध्याकाळी आई घरी येईपर्यंत मुलगी आजीजवळ असते. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेच्या वहीत इंग्रजी अशी तिची तीन भाषांची सवय आहे. बाहेरगावच्या मराठी वाचकाला वाटेल की अडचण भाषेची असावी, पण इंदूरच्या मराठी घरांतील मुले हिंदी इतकी सहज बोलतात की त्यांच्या मराठीतच ती मिसळून गेलेली असते. तेव्हा भाषेचा प्रश्न येथे बाजूला ठेवता येतो.

मुलगी केजीपासून याच शाळेत आहे. पाचवीपर्यंत तिची एकच मैत्रीण होती, आणि तेवढी तिला पुरत होती. दोघी एकाच कॉलनीत राहत, एकाच व्हॅनने येत, एकाच बाकावर बसत. पाचवीचा निकाल लागल्यावर शाळेने रिवाजाप्रमाणे चारही तुकड्या मोडून नव्याने बांधल्या आणि मैत्रीण ‘बी’ तुकडीत गेली. तुकड्या बदलण्यामागे शाळेचा हेतू वाईट नसतो. गुणांचा समतोल राहावा, जुने कंपू सुटावेत, मुलांनी सगळ्यांशी बोलावे, हा विचार असतो. पण हा बदल नेमका सहावीला येतो, आणि त्याच वर्षी बाकीही पुष्कळ काही बदलते. पाचवीपर्यंत दिवसाचा मोठा भाग वर्गात असणारी बाई आता एका तासापुरती येते आणि प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवी हा, साधारण ११ ते १४ वर्षांचा, स्वतंत्र टप्पा मानला आहे तो अशाच फरकांमुळे. या मुलीच्या बाबतीत मैत्रीण आणि आपली म्हणावी अशी बाई, दोन्ही एकाच एप्रिलमध्ये गेल्या. त्यानंतर लगेच उन्हाळ्याची सुट्टी लागल्यामुळे घरी कोणाच्या काही लक्षात आले नाही.

आईचे म्हणणे

जुलैमध्ये आई भेटायला आल्या. “मॅडम, वर्गात हिला कोणी विचारतच नाही. तुम्ही फक्त सेक्शन बदलून द्या, बाकी आम्ही बघून घेऊ,” असे त्यांचे पहिले वाक्य होते. कार्यालयात त्या आधीच जाऊन आल्या होत्या आणि नकार घेऊन आल्या होत्या. एकीची तुकडी बदलली तर दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर पालकांची रांग लागते, हे कार्यालयाचे म्हणणे खोटे नव्हते.

त्यांनी आणखी दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. पहिली म्हणजे कॉलनीत त्या मैत्रिणीच्या आईला गाठून “तुमच्या मुलीला जरा सांगा ना, हिला असं टाकू नको म्हणावं,” असे त्या बोलल्या होत्या. त्या घरी मुलीला समज दिली गेली. ती मैत्रीण तीन-चार दिवस तोंड पाडून हिच्याशेजारी बसली आणि नंतर सुट्टी झाली की दुसऱ्या जिन्याने उतरू लागली. मोठ्यांच्या शब्दाखातर अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसेल, पण तिला तिथे बसावेसे वाटेलच असे नाही, आणि ज्या मुलीसाठी हे सांगणे होते तिला हा फरक सर्वांत आधी कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रोज संध्याकाळची विचारपूस. “आज डबा कोणाबरोबर खाल्लास?” हा प्रश्न आई स्कूटर लावता लावताच विचारत असत. मुलगी एखादे नाव सांगे. पुढे नावे वाढली, त्यांच्याबरोबर काय बोलणे झाले तेही येऊ लागले, आणि आईंना वाटले की गाडी रुळावर येत आहे. त्या माझ्याकडे आल्या त्याच आठवड्यात मुलीने ज्या वर्गमैत्रिणीचे नाव दोनदा घेतले होते, ती कांजिण्यांमुळे आठवडाभर शाळेतच नव्हती. हजेरीपट माझ्यासमोर होता. हे मी आईंना सांगितले तेव्हा त्यांचा पहिला भाव रागाचा होता, की मुलगी खोटे बोलायला शिकली. मला ते वेगळ्या प्रकारे दिसत होते. रोज नापास होण्याचा प्रश्न ज्याला विचारला जातो तो उत्तर तयार ठेवतो. मुलगी आईला फसवत नव्हती, ती आईची काळजी घेत होती.

निरीक्षण

शाळेत काय घडते ते पाहिल्याशिवाय मी मुलीशी सविस्तर बोलले नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती डबा उचलून वर्गाबाहेर पडे आणि व्हरांड्याने सरळ ‘बी’ तुकडीकडे जाई. तिची जुनी मैत्रीण आणि आणखी चौघी मैदानाकडेच्या लिंबाच्या पारावर बसत. पारावर पाचच जणींना नीट बसता येई. ही त्यांच्यासमोर उभी राही, डब्याचे झाकण ताटलीसारखे खाली धरून उभ्याउभ्याच पोळीचे तुकडे खाई. त्या पाच जणी नुकत्याच संपलेल्या तासाबद्दल बोलत असत, म्हणजे त्यांच्या सरांनी कोणाला काय म्हटले, कोणाची वही पकडली गेली याबद्दल. तो तास हिने पाहिलेला नसे, म्हणून ती बाकीच्यांच्या मागून, किंचित उशिरा हसे. तिला कोणी हाकलत नव्हते, पण कोणी सरकून जागाही देत नव्हते. घंटेच्या आधी ती परत येई आणि आपल्या बाकावर बसून पुढच्या तासाची वही काढून ठेवी.

वर्गशिक्षिकांना विचारले तर त्या म्हणाल्या, “अगदी शांत मुलगी. कसलाच त्रास नाही. आणि मैत्रिणी आहेत तिला, सुट्टीत रोज जाते की त्यांच्याकडे.” म्हणजे ज्या गोष्टीमुळे ती एकटी पडत होती, तीच गोष्ट शिक्षिकांना ती एकटी नसल्याचा पुरावा वाटत होती.

मग मी संपूर्ण वर्गाकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या: गटप्रकल्पासाठी तुला कोणत्या तिघांबरोबर बसायला आवडेल? जेकब मोरेनो यांनी १९३४ साली मांडलेल्या समाजमिती पद्धतीचे हे अगदी साधे रूप आहे. त्याच पद्धतीवर पुढे कोई, डॉज आणि कोपोटेली यांनी १९८२ मध्ये वर्गातील मुलांचे जे गट पाडले, त्यांतील दोन गट पालकांनी वेगळे ओळखावेत असे मला वाटते. काही मुले नाकारलेली असतात, म्हणजे पुष्कळांना ती नको असतात. आणि काही दुर्लक्षित असतात, म्हणजे ती कोणाला नको नसतात, फक्त कोणाच्या मनात येत नाहीत. घरी दोन्हींची तक्रार एकच ऐकू येते, “मला कोणी घेत नाही.” पण नाकारलेल्या मुलाच्या बाबतीत त्याचे वागणे, राग किंवा वर्गातील छळ तपासावा लागतो, तर दुर्लक्षित मुलाच्या बाबतीत त्याला कोण कुठे पाहते, हे तपासावे लागते. “तुला कोणाबरोबर बसायचे नाही?” हा उलटा प्रश्न मी शाळेत विचारत नाही. तो संशोधनात चालतो, वर्गात मात्र चिठ्ठी गोळा होण्याच्या आत त्याची उत्तरे बाकाबाकांवर फिरतात.

चिठ्ठ्यांत या मुलीचे नाव एकीनेही लिहिलेले नव्हते. म्हणून वेगवेगळ्या निमित्ताने मी वर्गातील काही मुलींशी स्वतंत्र बोलले आणि बोलता बोलता हिचा विषय काढला. कोणाच्या चेहऱ्यावर नापसंती आली नाही. एकीने भुवया वर करून विचारले, “वो? वो तो बी वाली है ना?” दुसरीनेही जवळजवळ हेच म्हटले. पटावर ‘ए’मध्ये असलेल्या मुलीला तिच्याच वर्गातील मुली दुसऱ्या वर्गाची समजत होत्या. निदान तिथेच झाले. स्वभावाने ती बुजरी आहे, पण एवढ्याच बुजऱ्या तीन-चार मुली त्याच वर्गात सुखाने डबा खात होत्या.

काय ठरवले आणि का

मुलीला “बोलकी हो, हसून बोल, स्वतःहून पुढे हो” असे शिकवण्याचा मार्ग मी घेतला नाही. या वयात प्रत्येक मुलीला आधीच वाटत असते की सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटले. अशा मुलीला स्वभाव बदलायला सांगणे म्हणजे त्या प्रेक्षकांत आईवडिलांची आणि समुपदेशकाची भर घालणे. बदलायची होती ती जागा, आणि जागेबरोबर हाताला काम.

जागेचे महत्त्व पालकांना पटवताना मी नेहमी एक अभ्यास सांगते. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षणार्थींना खोल्या आणि वर्गातील आसने आडनावाच्या अक्षरक्रमाने दिलेली होती. त्यांना मित्रांची नावे विचारली तेव्हा ती मोठ्या प्रमाणात अक्षरक्रमात शेजारी असणाऱ्यांचीच निघाली. वय, धर्म किंवा छंद सारखे असण्यापेक्षा आद्याक्षराची जवळीक अधिक ठरली. मॅडी सीगल यांनी हे १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. ही प्रौढ माणसे होती, आणि तरीही मैत्री हजेरीपटाच्या क्रमाने झाली. आपल्याकडे पुष्कळ वर्गांत बाके दर आठवड्याला सरकवतात. ते डोळ्यांसाठी आणि न्यायासाठी ठीक आहे, पण ज्या मुलीला कोणी ओळखतच नाही तिची ओळख रुजण्याच्या आत शेजारीण बदलते.

वर्गशिक्षिकांनी दिवाळीपर्यंत या मुलीचे आसन पक्के करायचे मान्य केले. कोणाजवळ, यावर आमचे थोडे मतभेद झाले. त्यांच्या मनात मॉनिटर होती: हुशार, सर्वांची लाडकी, सांगितलेले नीट करणारी. मला ती नको होती. लाडक्या मुलीची दुपार आधीच भरलेली असते, आणि “हिच्याकडे लक्ष दे” असे सांगितले की ती खरोखर लक्ष देते, जसे खडू आणि हजेरीपटाकडे देते तसे. शिवाय सगळ्या वर्गाला कळते की हिला सांभाळायला दिले आहे. आम्ही अशा दोघी शोधल्या ज्यांच्याजवळ जागा रिकामी होती. एक त्याच वर्षी देवासहून आलेली, ती आमच्या मुलीच्याच व्हॅनमध्ये होती, पण दोघी कधी बोलल्या नव्हत्या. दुसरीची जोडीदारीण शाळा सोडून गेली होती आणि ती एका मोठ्या कंपूच्या काठावर होती. तिघींनाही यातले काही सांगितले नाही.

काम म्हणून वर्गाबाहेरचा फलक तिघींकडे दिला. दर पंधरा दिवसांनी विषय बदलायचा, शुक्रवारच्या शेवटच्या तासाला जुने उतरवून नवे लावायचे. या कामाची योजना आम्ही जरा हिशेबाने केली होती. ते ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा येते; एकीला एकटीने जमत नाही, कारण कागद धरायला एक, पट्टी लावायला एक आणि दुरून सरळ आहे का ते पाहायला एक लागते; आणि करताना एकमेकींच्या तोंडाकडे न पाहता बोलता येते, जे बुजऱ्या मुलांना फार सोयीचे असते.

मुलीशी मी जे प्रत्यक्ष बोलले ते दोनच गोष्टींबद्दल. एक, चाललेल्या घोळक्यात शिरायचे कसे. पुटालाझ आणि गॉटमन यांनी १९८१ मध्ये दाखवले की घोळक्यात ज्यांना सहसा जागा मिळत नाही अशी मुले आल्या आल्या स्वतःबद्दल सांगू लागतात, चाललेले थांबवून प्रश्न विचारतात किंवा मतभेद दाखवतात. ज्यांना जागा मिळते ती मुले काय चालले आहे ते पाहतात आणि त्याच धाग्याने पुढे जातात. आमच्या मैदानावर याचा अर्थ असा की सितोलिया, म्हणजे लगोरी, चालू असताना “मला घेता का?” असे विचारले तर “अभी नहीं” हे उत्तर तोंडावर येणारच. पण लांब गेलेला चेंडू आणून दिला, फरश्या रचायला हात लावला, की पुढच्या डावात कोणीतरी बाजू विचारते. मुलीने हे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पण मला पळायला आवडत नाही.” तेव्हा सितोलिया तिथेच संपला आणि आम्ही डब्याच्या घोळक्याचा विचार केला.

दुसरी गोष्ट जुन्या मैत्रिणीची. ती सोड, असे मी म्हटले नाही. पाच वर्षांची मैत्री कोणाच्या सांगण्याने सुटू नये. प्रश्न एवढाच होता की ती मैत्री कुठे ठेवायची. कॉलनीत संध्याकाळी दोघी अजूनही सायकल चालवत असत, तेव्हा पारावरच्या बाकी चौघी नसत आणि बोलणे पूर्वीसारखेच होई. म्हणून संध्याकाळ जुन्या मैत्रिणीची आणि मधली सुट्टी आपल्या वर्गाची, असे सुचवले. “मी गेले नाही तर ती वाट बघत बसेल,” असे मुलगी म्हणाली. एका बुधवारी ती गेली नाही. मैत्रिणीने व्हॅनमध्ये त्याबद्दल अवाक्षरही काढले नाही, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्या खोलीत येऊन पुष्कळ रडली. ते रडणे थांबवण्याची मला घाई वाटली नाही, कारण ते एप्रिलपासून साचलेले होते.

घरी काय बदलले

आईंना मी सांगितले की डब्याचा प्रश्न बंद करा, कितीही विचारावासा वाटला तरी. त्याऐवजी ज्यात मैत्रिणीचे नाव यावेच लागत नाही असे काही विचारा, किंवा काहीच विचारू नका. वाटाणे सोलताना, स्कूटरवर मागे बसलेली असताना, अंधारात झोपायच्या आधी, मुले आपणहून सांगतात, कारण तेव्हा कोणी त्यांचा चेहरा वाचत नसतो. आईंना हे फार जड गेले. दोनदा त्यांनी मला दुपारी फोन करून “आज काय झालं?” असे विचारले, म्हणजे प्रश्न बंद झाला नव्हता, त्याचा पत्ता बदलला होता. वडिलांचे मत होते की मुलांचे मुले बघून घेतात. जुलैनंतरही नुसती वाट पाहिली असती आणि बाक बदलले नसते तर मुलांनी ते बघून घेतले असते असे मला वाटत नाही, पण त्यांच्या शांतपणाचा घराला उपयोग झाला हे मान्य करायला हवे.

वर्गातील मुलींचा व्हॉट्सॲपवर एक गट होता आणि त्यात ही नव्हती, याचेही आईंना वाईट वाटे. कोणाला तरी सांगून हिला त्यात घ्यायला लावू का, असे त्या विचारत. मी नको म्हटले. पुढे नोव्हेंबरमध्ये देवासच्या मुलीने स्वतःच नंबर मागून घेतला.

फलक आणि भोंडला

पहिले दोन फलक यथातथाच झाले. तिघी कामापुरते बोलत. तिसऱ्या वेळी चौदा सप्टेंबरच्या हिंदी दिवसाचा फलक होता आणि पट्टीवरून भांडण झाले. देवासच्या मुलीला नागमोडी कोरुगेटेड कागदाची केशरी पट्टी हवी होती, दुसरीला चकाकणारी चंदेरी. आमची मुलगी गप्प राहून मथळा लिहीत होती. आजीने तिला लहानपणी कट-निबने अक्षर वळवायला शिकवले होते, त्यामुळे शिरोरेघ न डगमगता एका दमात ओढणे तिला येते. मथळ्याचा कागद उचलून धरला तेव्हा दोघी भांडण थांबवून पाहू लागल्या आणि मग चंदेरी पट्टीवर ते अक्षर उठणार नाही, या कारणाने केशरी ठरली. गोंद वाळेना, म्हणून सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून उरलेले काम करायची परवानगी त्यांनी मागितली, आणि डबे तिथेच उघडले गेले. त्या दिवशी आमची मुलगी पाराकडे गेली नाही, आणि मी पाहिले तेवढ्यात तरी न जाण्याचा तिने काही विचार केलेला दिसला नाही.

ऑक्टोबरमध्ये आईंनी स्वतःच्या विचाराने भोंडला ठेवला. वर्गातील सगळ्या मुलींना बोलावले. आजींना हुरूप आला. पाटावर हत्ती काढला, खिरापतीचे डबे झाकून ठेवले. मुली आल्या, फेर धरला, गाणी बहुतेकींना येत नव्हती तरी शेवटचा शब्द पकडून ओरडत होत्या. खिरापत ओळखण्याची वेळ आली तेव्हा पोहे, जलेबी, कचोरी, खमण अशी इंदूरची सगळी न्याहारी सांगून झाली, पण वाटली डाळ कोणाला ओळखता आली नाही. मुलींना फार मजा आली असे त्यांच्या आया मला सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी एकीने वर्गात विचारले, “वो पीली वाली चीज़ क्या थी?” आणि मग तो विषय मागे पडला. मधल्या सुट्टीत ज्या ज्यांच्या होत्या त्या त्यांच्याच राहिल्या.

आई निराश झाल्या. मला त्यात निराश होण्यासारखे काही दिसले नाही. वीस मुलींच्या घोळक्यात यजमानीण मुलगी सर्वांत कमी बोलते. ती पाणी देत असते, आईकडे पाहत असते, सगळ्यांना आवडते आहे का या चिंतेत असते. समारंभाने ओळख होते आणि घर माहीत होते, मैत्रीला मात्र पुढच्या आठवड्यातही तीच माणसे लागतात. भोंडल्याचा खरा उपयोग असा झाला की देवासच्या मुलीच्या आई आणि या आई दारात दहा मिनिटे बोलल्या. त्यानंतर शनिवारच्या सुट्टीला एकच मुलगी, दोन तासांसाठी, जायची वेळ आधी सांगून, अशा भेटी सुरू झाल्या. मी एवढेच सुचवले होते की आईंनी खोलीत बसू नये, आणि करायला काहीतरी असावे. आजी खाऊ ठेवून देवघराकडे निघून जात. पुढच्या वेळी आमची मुलगी तिकडे गेली.

दिवाळीनंतर

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका विषयाच्या शिक्षकांनी बाके पुन्हा फिरवली आणि दोन दिवस मुलगी परत पाराजवळ दिसली. वर्गशिक्षिकांनी आसन पूर्ववत केले. काठावरची ती दुसरी मुलगी हळूहळू तिच्या मोठ्या कंपूत सामावली आणि फलकापुरतीच उरली. त्यात कोणाचे काही चुकले नाही. या वयातील मैत्री किती चंचल असते याची कल्पना एका अमेरिकी अभ्यासावरून यावी: हार्टल, लॉरसन आणि सिलेसन यांना २०१५ मध्ये आढळले की सातवीतील मैत्र्यांपैकी बारावीपर्यंत टिकलेल्यांचे प्रमाण सुमारे १ टक्का होते. हा आकडा मी आईंना सांगितला तेव्हा त्यांना तो क्रूर वाटला. मला तो धीर देणारा वाटतो, कारण जुनी मैत्रीण दूर गेली यात आपल्या मुलीचे काही उणे नाही, हे तो सांगतो.

जानेवारीत मी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. दोघींनी या मुलीचे नाव लिहिले होते. त्यांपैकी देवासच्या मुलीचे नाव हिनेही लिहिले होते, म्हणजे एक निवड दोन्ही बाजूंनी जुळली. दुसरी चिठ्ठी अशा मुलीची होती जिच्याशी आमचा काही संबंध आला नव्हता. तिला म्हणे हिचे अक्षर आवडते. आकड्यात पाहिले तर हे थोडे आहे. वर्गातील एका वाढदिवसाला हिला बोलावणे आले नाही आणि आईंनी त्याबद्दल मला फोन केला. परंतु हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी गेल्या शतकाच्या मध्यालाच मांडले होते की किशोरवयाच्या उंबरठ्यावर गरज असते ती एका जिवलग मैत्रीची. पुढे हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की अशी एक मैत्री असणे छळ वाढत जाण्यापासूनही मुलांना वाचवते. लोकप्रियता ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्या मागे लागण्याचे या मुलीला काही कारण नव्हते. आईंना मात्र एका मैत्रिणीची धास्ती वाटते, कारण मागच्या वेळीही एकच होती. ही धास्ती निराधार नाही, म्हणून फलकाचे काम पुढच्या सत्रातही तिच्याकडे ठेवले, त्यात आणखी एकीची भर घातली आणि शनिवारच्या भेटी कधी कधी तिघींच्या होऊ लागल्या.

जुनी मैत्रीण संध्याकाळी अजून सायकल घेऊन येते. तिच्या आईशी मात्र या आईंचे बोलणे अद्याप पूर्वीसारखे झालेले नाही.

हे प्रकरण दुसऱ्या घरी लावताना एक पडताळणी आवश्यक आहे. सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखणे, भूक किंवा झोप उडणे, वस्तू फाटून किंवा हरवून येणे, एखाद्या नावाने गप्प होणे, यांपैकी काही सतत दिसत असेल तर बाक बदलून भागणार नाही. तेथे छळाची शक्यता धरून शाळेशी लेखी बोलावे आणि गरज वाटल्यास तज्ज्ञाकडे जावे. शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ वर उपलब्ध आहे. या मुलीच्या बाबतीत ती वेळ आली नाही.

शाळेकडे मी एक लेखी सूचना दिली आहे. पाचवीच्या शेवटी तुकड्या मोडण्याआधी प्रत्येक मुलाकडून तीन नावे घ्यावीत आणि नव्या तुकडीत त्यांपैकी किमान एक असेल एवढे पाहावे. गुणांचा समतोल आणि कंपू सोडवण्याचा हेतू त्यातही साधता येतो. मुख्याध्यापिकांची हरकत अशी की ही गोष्ट पालकांना कळली तर नावे मुले लिहिणार नाहीत, पालक लिहितील. ती हरकत रास्त आहे, म्हणून चिठ्ठ्या वर्गात, प्रकल्पगटाच्या निमित्ताने, फेब्रुवारीतच घ्याव्यात आणि तुकड्यांचा उल्लेख करू नये, असे मी सुचवले. या वर्षी पाचवीच्या दोन वर्गांत तसे करून पाहण्याचे ठरले आहे. सहावीत आधीच असलेल्या मुलांच्या तुकड्या सातवीत न मोडण्याची माझी दुसरी विनंती कार्यालयाने अजून निकालात काढलेली नाही.